उत्तनचा हिरवा दिवा

१

अशी कल्पना कर, की तुझं नाव सेलीन आहे, तू बारा वर्षांची आहेस आणि शाळेतून घरी येते आहेस. उत्तनचा रस्ता, एका बाजूला समुद्र. रोज वाटेत भेटणाऱ्या बायका तुला काहीबाही विचारतात, जेवलीस का, पप्पा दर्यावरून आले का. आज कोणी विचारत नाही. तू दिसताच एक बाई आपल्या मुलाला दंडाला धरून आत ओढते. घरापाशी येतेस तर बोंबील वाळत घालायला पप्पांनी उभे केलेले बांबू मोडून पडलेले आहेत, दोऱ्या कापलेल्या आहेत आणि भिंतीवर कोळशाने एकच शब्द लिहिला आहे : खुनी.

आत पप्पा बसले आहेत. त्यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे.

झाली कल्पना करून? मग ती तशीच मनात धर, कारण या गोष्टीत फारसं कोणी तुझ्याशी गोड बोलणार नाही.

हे शतक नुकतंच सुरू झालं होतं. मोबाइल उत्तनला पोचत नसे. गावात टेलिफोनचं एक छोटं केंद्र होतं, आणि तिथून एक केबल रस्त्याच्या कडेने भाईंदरला, नवघरच्या मोठ्या केंद्रापर्यंत गेली होती. तिच्यात तांब्याची तार नव्हती. केसाएवढ्या जाडीच्या काचेच्या तारा होत्या, आणि त्यांतून उजेड धावे. आपण बोलतो तो आवाज यंत्र उजेडाच्या उघडझापीत बदलतं, काच तो उजेड वाहून नेते आणि पलीकडचं यंत्र त्याचा पुन्हा आवाज करतं.

खंडेनवमीच्या संध्याकाळी गॅब्रियल नावाच्या होडीवाल्याच्या आईच्या छातीत कळ आली. गॅब्रियलने भाईंदरहून अ‍ॅम्ब्युलन्स बोलवायला फोन उचलला. लाइन मेलेली. शेजारी धावला, तिथेही तेच. शेवटी म्हातारीला मासळीच्या टेम्पोत घातलं. ती वाटेतच गेली.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या माणसांना रस्त्याकडेला सेलीनच्या पप्पांनी, म्हणजे डेनिसने, बांबूंसाठी खणलेला खड्डा सापडला. खड्ड्यात केबलची नळी उघडी पडली होती आणि तिला पहारीने पोचा आला होता.

मग गावाने डेनिसला धरलं. हात तेव्हाच मोडला. कंपनीने पोलिसांत तक्रार द्यायचं ठरवलं, आणि गावाने सांगितलं की पोलिसांनी सोडलं तरी आम्ही सोडणार नाही, घर खाली कर.

तक्रारीआधी एक चौकशी करावी लागते. त्यासाठी कंपनीने संचिता मांजरेकर नावाच्या इंजिनीअर बाईंना पाठवलं. त्या मीरा रोडला पूनम सागरमध्ये राहत, स्कूटरवर फिरत आणि ऑफिसात कोणाला आवडत नसत. डेनिसच्या दारात त्यांनी स्कूटर लावली तेव्हा उंबऱ्यावर सेलीन उभी होती. हातात मासे कापायची सुरी होती.

"आत यायचं न्हाय."

"मी कंपनीकडून आले आहे."

"म्हणूनच न्हाय."

२

"सेलीन, सुरी ठेव," आतून डेनिस म्हणाला. "येऊ दे बाईंना. आणखी काय मोडायचं राहिलंय आपलं?"

संचिता आत आल्या. बसायला कोणी सांगितलं नाही, म्हणून उभ्याच राहिल्या.

"पहार नळीला लागली?"

"लागली. खण्‌ असा आवाज आला तसा मी थांबलो. वाकून बघितलं. पोचा होता, भोक नव्हतं. बाजूला दुसरा खड्डा घेतला."

"किती वाजता?"

"दुपारी. जेवल्यावर. सकाळी मी दर्यावर होतो."

"हे कोणी सांगेल?"

डेनिस हसला. "या गावात? माझ्या बाजूने? बाई, परवापासून पाववाला आमच्या दारात सायकल थांबवत न्हाय."

बाहेर पाच-सहा माणसं जमली होती. पुढे गॅब्रियल होता. डोळे सुजलेले, दाढी वाढलेली, दंडाला काळी पट्टी.

"काय चौकशी करताय त्याची?" तो ओरडला. "मला विचारा! या जागेवर पहिल्यापासून माझे बोंबील वाळतात. माझ्या आधी जागा अडवायची म्हणून यानं केलंय. सकाळी होडी घेऊन गेला, दुपारी परत आला, धड जेवला पन न्हाय आणि पहार घेतली हातात! मी डोळ्यांनी बघितलंय."

"म्हणजे सकाळी तो इथे नव्हता."

"न्हवता. म्हणून तर सकाळी फोन चालू होता! मी स्वतः बोललोय. पेणकरपाड्याची विमलाबाई, मासे विकते, तिचा फोन आलेला. दसरा झाल्यावर किती माल पाहिजे ते सांगत होती."

"बोलणं पूर्ण झालं?"

गॅब्रियल जरा अडला. "न्हाय. तिने मधेच आपटला. तोंडाळ बाई हाय. तुमाला काय करायचंय? सकाळी फोन चालू, दुपारी यानं खणलं, संध्याकाळी माझी आई मेली. हिशोब शाळेतल्या पोराला पन येईल."

मागून कोणीतरी म्हणालं, "कंपनीची बाई त्याला सोडवायला आली वाटतं."

"बांधायला आलेय की सोडवायला, ते मलाच अजून माहीत नाही," संचिता म्हणाल्या. "रस्ता द्या."

कोणी दिला नाही. त्यांना घसटून जावं लागलं. स्कूटर सुरू करताना त्यांनी वळून पाहिलं. सेलीन दारातच होती, पण आता तिचा एक हात पाठीमागे होता आणि ती काहीतरी लपवत होती.

३

नवघरच्या केंद्रात यंत्राच्या कपाटावर झेंडूचा हार अजून होता. आपल्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा करतात. सुतार करवतीची करतो, रिक्षावाला रिक्षाची करतो, तशी इथे या मोठ्या स्विचची, म्हणजे फोन एकमेकांना जोडणाऱ्या यंत्राची झाली होती. पुढच्या पत्र्यावर भोकांच्या जोड्या होत्या. प्रत्येक जोडीत काचेच्या दोन दोऱ्या खोचलेल्या, एकीतून बोलायचं आणि दुसरीतून ऐकायचं. प्रत्येक जोडीशेजारी एक दिवा होता, लाइन तुटली की तो लाल होई आणि भोंगा वाजे. प्रत्येक भोकाच्या तोंडाशी कुंकवाचा ठिपका होता. ठिपके अगदी भक्तिभावाने, भरपूर लावले होते.

केंद्राचे प्रमुख शशिकांत खांबे खुर्चीतून उठले नाहीत.

"मॅडम, एवढ्यासाठी हेड ऑफिसने माणूस पाठवायचा? खड्डा आहे, पोचा आहे. आम्ही तो तुकडा कापून टाकला, नवीन जोडला, लाइन चालू झाली. सही करा आणि निघा."

"जोडल्याबरोबर चालू झाली?"

"लगेच नाही, त्यानंतर मी..." कोपऱ्यातली तरुण इंजिनीअर बोलू लागली. तिचं नाव मिनल.

"मिनल, चहा सांगून ये," शशिकांत म्हणाले. मिनल उठून गेली.

"नवमीला सकाळी उत्तनची लाइन कशी होती?" संचितांनी विचारलं.

"ठणठणीत. हिरवा दिवा. दुपारी पूजेचे पाहुणे, आमचे मोठे साहेब, गेले आणि थोड्या वेळाने लाल झाला. मी लगेच लवूला केबलच्या रस्त्याने पाठवलं, पण अंधार पडला, खड्डा दुसऱ्या दिवशी सापडला. आता तुम्ही म्हणाल दिव्यावर काय विश्वास. म्हणून सांगतो, आरती झाल्यावर मी स्वतः उत्तन केंद्राला फोन करून पाहिला. आमचा वॉचमन असतो तिथे, शिवा. मी हॅलो म्हटलं, पलीकडून हॅलो आलं. बास? की अजून काही?"

"भोंगा वाजला होता का सकाळी?"

"आमच्या पूजेत भोंगा वाजवायला मोठे साहेब मुंबईहून आले नव्हते."

संचिता जिन्यात आल्या तेव्हा मिनल चहाच्या थर्मासशी उगाच झटत होती.

"उत्तनची लाइन स्विचवर तू बांधून दिलीस ना?"

लाइन बांधून देणं म्हणजे काय, ते सांगतो. स्विच अफाट काम करतो, पण त्याला आपोआप काही कळत नाही. त्याला सांगावं लागतं, बाबा, या जोडीवर उत्तन आहे, याच्यातून बोल, त्याच्यातून ऐक, इतक्या वेगाने बोल. आणखी एक गोष्ट सांगता येते. दोन्ही टोकांना एकेक नाव देता येतं. मग प्रत्येक यंत्र बोलताना आपलं नाव सारखं सांगत राहतं, आणि ऐकणारं यंत्र ते तपासत राहतं.

"नाव तपासायची सोय बंद दिसते आहे," संचिता म्हणाल्या. "का?"

"साहेबांनी बंद करायला सांगितली." मिनल खाली पाहत होती. "उत्तनच्या टोकाला नाव चुकीचं भरलेलं होतं, त्यामुळे सारखा भोंगा वाजायचा. मी म्हटलं तिकडे जाऊन नाव दुरुस्त करते. ते म्हणाले, तपासणीच काढून टाक."

"म्हणजे उजेड आला की यंत्र खूश. कोणाचा आला ते विचारत नाही."

"मॅडम, मला इथेच नोकरी करायची आहे," मिनल म्हणाली आणि थर्मास घेऊन वर निघून गेली.

खाली फाटकाशी तंत्रज्ञ लवू विडी ओढत होता. त्याने संचितांना पाहून विडी विझवली नाही.

"मी फक्त पुसलं हो," तो न विचारताच म्हणाला. "पूजेआधी एकेक दोरी काढून पत्रा पुसला. साहेबांनी कुंकू लावलं, मी दोऱ्या परत खोचल्या, हार घातला. आणि एकदा हार पडला की दसरा होईपर्यंत आम्ही यंत्राला बोट लावत नाही. रत्नागिरीला आमच्या घरी नांगराचं पण तसंच. तुम्हाला पटो न पटो."

"त्यानंतर भोंगा वाजला?"

"आरतीत झांजा होत्या माझ्या हातात. मला काय ऐकू येणार? सगळी माणसं होती, शिवाने उत्तनहून झेंडू आणलेला, माळा त्यानेच केल्या. मोठ्या साहेबांबरोबर फोटो काढले, प्रसाद खाल्ला, पोचवायला खाली गेलो. माझ्यावर ढकलायचं असेल तर ढकला. साधा माणूस सापडतो सगळ्यांना."

संचितांनी स्कूटरला किक मारली. मग थांबल्या. लवूने आत्ता जे सांगितलं होतं त्यात काहीतरी वर शशिकांतांनी सांगितलेल्याशी जुळत नव्हतं. काय ते त्यांना लगेच सापडेना.

तुला सापडलं? नसेल तर हरकत नाही. पेणकरपाड्याला जाऊ.

४

विमलाबाई ओट्यावर कोलंबी सोलत बसल्या होत्या. गॅब्रियलचं नाव काढताच त्यांनी कोलंबी ताटलीत आपटली.

"त्या मेल्याचं नाव घेऊ नका माझ्या दारात! आई गेली त्याची, वाईट झालं, म्हणून गप्प आहे. नाहीतर उत्तनला जाऊन झिंज्या उपटल्या असत्या."

"तो म्हणतो तुम्ही फोन आपटलात."

"मी? आधी फोन खरखरायला लागला. मी म्हटलं, मोठ्यानं बोल रे, ऐकायला येत नाही. तर हा माझी नक्कल करतो! 'मोठ्यानं बोल रे, ऐकायला येत नाही.' मी म्हटलं, गॅब्रियल, थट्टा करू नको. तर तो पण, 'गॅब्रियल, थट्टा करू नको.' मग माझं डोकं फिरलं. मी त्याला त्याच्या खानदानावरून घातल्या चार. तर चारच्या चार परत! एक कमी नाही, एक जास्त नाही. मी बाजारात तीस वर्षं बसते बाई, पण असं कोणी..."

"विमलाबाई, आवाज कसा होता? पुरुषाचा?"

बाईंचं तोंड उघडंच राहिलं. त्यांनी कोलंबीकडे पाहिलं, मग संचितांकडे.

"अगं बाई," त्या हळूच म्हणाल्या. "बाईचा होता. माझाच होता."

"हे किती वाजता?"

"नवमीला सकाळी. दाराला तोरण बांधायचं राहिलेलं, म्हणजे अकरा वाजले असतील." त्यांनी पदराला हात पुसले. "भुताटकी होती का हो?"

"नाही. एक दोरी होती," संचिता म्हणाल्या, आणि पाणीही न पिता उठल्या.

५

संचिता पुन्हा उत्तनला पोचल्या तेव्हा ऊन कलत होतं. कोणीतरी त्यांच्या स्कूटरवर ओलं शेवाळ फेकलं. त्यांनी ते झटकलं आणि सेलीनसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"तू सकाळी माझ्यापासून काय लपवत होतीस?"

"तुमाला कशाला देऊ? तुमी घेऊन जाल आणि हरवला म्हणून सांगाल. तुमच्या माणसांनीच फेकून दिला तो."

"केबलचा कापलेला तुकडा?"

सेलीन दारात आडवी उभी राहिली.

"देऊ नकोस," संचिता म्हणाल्या. "तुझ्याच हातात राहू दे. मला फक्त दाखव. आणि आधी मी तुला सांगते की मला काय वाटतं. मला वाटतं तुझे पप्पा खरं बोलत आहेत, पण माझ्या वाटण्याला उद्या कोणी विचारणार नाही."

सेलीन दारातून बाजूला झाली. मग मागच्या खोलीतून हातभर लांबीचा काळा तुकडा आणला. दोन्ही टोकं कटरने सरळ कापलेली, मधोमध पोचा आणि त्यावर खडूची खूण. टोकांवरचं काळं वेष्टण सोललेलं होतं आणि आतल्या काचेच्या तारा मोकळ्या केल्या होत्या.

"हे कोणी सोललं?"

"मी. मासे कापायच्या सुरीने." मग तिचा स्वर पहिल्यांदा जरा सैल झाला. "गोधडीखाली अंधार केला. एका टोकाला बॅटरी धरली. दुसऱ्या टोकाला ठिपके दिसतात. सगळ्या तारांचे. एक पन विझलेला न्हाय."

संचितांनी पिशवीतून लाल उजेडाचं पेन काढलं. तारा तपासायलाच असतं ते. एकेका तारेत त्यांनी उजेड सोडला, आणि पलीकडे दर वेळी एक लाल ठिपका उमटला. पोचा होता, पण पोच्याखाली एकही काच तुटली नव्हती.

(तू मात्र चालू लाइनच्या टोकात कधी डोळा घालू नकोस. त्या यंत्रातला उजेड दिसत नाही, पण डोळा जाळतो. सेलीनचा तुकडा कुठेच जोडलेला नव्हता, म्हणून चाललं.)

"मग लाइन कोणी मारली?" सेलीनने विचारलं.

"एका माणसाच्या भक्तीने," संचिता म्हणाल्या, "आणि मग त्याच माणसाच्या भीतीने. उद्या सकाळी गावातल्या क्रूसापाशी सगळ्यांना बोलव."

"मी बोलवून कोन येनार?"

"तुझ्या पप्पांना पोलिसांकडे देणार आहेत असं सांग. सगळे येतील."

६

सगळे आले. क्रूसासमोरच्या मोकळ्या जागेत गाव अर्धं वर्तुळ करून उभं राहिलं. डेनिसभोवती चार हात जागा रिकामी होती. कंपनीच्या जीपमधून शशिकांत, मिनल आणि लवू उतरले. उत्तन केंद्राचा वॉचमन शिवाही आला.

संचितांनी आधी गॅब्रियलच्या हातात लाल पेन दिलं आणि सेलीनला तुकडा धरायला सांगितलं. गॅब्रियलने स्वतः एकेका तारेत उजेड सोडला. पलीकडे ठिपका पाहिला. पुन्हा सोडला.

"तुकडा बदलला असेल," शशिकांत म्हणाले.

"पोच्यावर खडूने खूण तुमच्या लवूनेच केली आहे. तो ओळखेल."

लवूने तुकडा पाहिला आणि मान हलवली. खूण त्याचीच होती.

"म्हणजे पहारीने लाइन तुटली नाही. आणि ती बिघडली सकाळीच. विमलाबाई बोलत असताना खरखर आली. त्या वेळी डेनिस दर्यावर होता, हे मला गॅब्रियलने सांगितलं, शपथेवर सांगावं तसं ओरडून सांगितलं."

गर्दीत चुळबुळ झाली. गॅब्रियलने खाली पाहिलं.

"मग खरखर कशाने? पूजेसाठी दोऱ्या काढल्या होत्या आणि उघड्या भोकांना कुंकू लावलं होतं. त्या काचेचं तोंड इतकं बारीक असतं, की कुंकवाचा एक कण त्याला दारात धोंडा ठेवल्यासारखा होतो. उजेड अंधुक झाला. लाल दिवा, भोंगा. आणि त्याच वेळी मोठे साहेब आत येत होते."

"सगळं मनातलं," शशिकांत म्हणाले. "दिवा दुपारपर्यंत हिरवा होता. या दोघांना विचारा."

"हिरवाच होता. एक रबरी नळी घ्या. एक टोक ओठांशी धरा, दुसरं आपल्याच कानाशी. बोला. किती छान ऐकू येतं! तसंच कोणीतरी उत्तनच्या दोन्ही दोऱ्या काढल्या, एक छोटी दोरी घेतली आणि यंत्राच्या बोलायच्या भोकातून ऐकायच्या भोकात खोचली. यंत्र स्वतःचंच ऐकू लागलं. नाव तपासायची सोय बंद होती, त्यामुळे त्याला वाटलं उत्तनच बोलतंय. हिरवा दिवा. विमलाबाईंना स्वतःच्या शिव्या मिळाल्या आणि गॅब्रियलला नुसती शांतता. उत्तन तेव्हापासून तुटलेलं होतं."

"कोणी केलं?" गॅब्रियलचा आवाज घोगरा होता.

"मिनल हे खुर्चीतून हुकूम देऊन करू शकते, पण मग यंत्र पिवळा दिवा लावतं, चाचणी चालू आहे असा. पिवळा कोणीच पाहिला नाही, तेव्हा काम हाताने झालं. लवू हार पडल्यावर यंत्राला बोट लावत नाही. त्याच्या एकट्याच्या शब्दावर मी भरवसा ठेवला नसता. पण खांबेसाहेब, तुम्ही मला सांगितलंत, की आरतीनंतर तुम्ही उत्तनला फोन केला आणि शिवाने हॅलो म्हटलं."

"म्हटलं होतं."

संचिता वॉचमनकडे वळल्या. "शिवा, नवमीला सकाळी तू कुठे होतास?"

शिवा गोंधळला. त्याने शशिकांतांकडे पाहिलं, मग लवूकडे. "नवघरला, मॅडम. झेंडू घेऊन गेलो होतो ना. माळा मीच केल्या. जेवूनच परत आलो. इथं कुलूप होतं."

उत्तन केंद्रात त्या सकाळी हॅलो म्हणायला माणूसच नव्हता.

"तुम्ही फोन केलाच नव्हता," संचिता म्हणाल्या. "विमलाबाईंचं बोलणं आधीच चालू होतं, म्हणून त्यांना स्वतःचा आवाज आला; नवा फोन पलीकडे कोणी उचलल्याशिवाय लागत नाही. लाइन दुपारपर्यंत चांगली होती असं ठसवायला तो तुम्ही मागाहून रचलात. चांगली नव्हती हे माहीत असणारा माणूस एकच, दोरी लावणारा. पाहुणे गेल्यावर तुम्ही ती काढलीत, उत्तनच्या दोऱ्या परत खोचल्यात, दिवा लाल झाला, आणि लवूला खड्डा सापडला. तुमच्या नशिबाने."

"आणि केबल जोडूनही लाइन आली नव्हती," मिनल अचानक म्हणाली. "मी दोरीचं टोक पुसलं तेव्हा आली. पुसायचा कपडा लाल झाला होता. मी साहेबांना दाखवला. ते म्हणाले, फेकून दे."

शशिकांतांनी खिशातून रुमाल काढला आणि पुसायचं काहीच नसताना तोंड पुसलं.

"साहेब दारात उभे होते हो," ते म्हणाले. आता ते संचितांशी बोलत नव्हते, कोणाशीच बोलत नव्हते. "वर्षातून एकदा येतात. भोंगा बोंबलतोय, लाल दिवा. दोन मिनिटांसाठी केलं. मग फोटो, मग जेवण... उत्तनला सणाच्या दिवशी फोन कोण करणार, असं वाटलं."

"सकाळी भोंगा वाजू दिला असता, तर दुपारच्या आत मिनलने काच पुसली असती," संचिता म्हणाल्या. "संध्याकाळी फोन लागला असता."

पहिली शिवी मागून आली. मग एकदम सगळं वर्तुळ हललं. डेनिसभोवतीची रिकामी जागा भरून गेली आणि तशीच रिकामी जागा शशिकांतांभोवती झाली. लवू बाजूला सरकला. जीपच्या ड्रायव्हरने काच वर केली. शशिकांत दाराच्या मुठीशी झटत होते, पण दार आतून बंद होतं.

"धरा त्याला!"

"हात मोडा! कोनत्या हाताने दोरी लावली, विचारा त्याला!"

डेनिसने प्लास्टरचा हात छातीशी घेतला. ते शब्द त्याने याआधी ऐकले होते, याच माणसांच्या तोंडून. संचिता "थांबा, थांबा" म्हणत होत्या, आणि कोणी ऐकत नव्हतं. गॅब्रियल सर्वांत पुढे होता. तो रडत होता आणि वाकून रस्त्याकडेचे दगड उचलत होता.

सेलीनने तुकडा पप्पांच्या डाव्या हातात दिला. ती धावली नाही. माणसांच्या कोपरांखालून वाट काढत ती पुढे आली आणि गॅब्रियलच्या आणि जीपच्या मधे उभी राहिली. तिने शशिकांतांकडे पाहिलंही नाही. तिच्या चेहऱ्यावर दया नव्हती.

"बाजूला हो, सेलीन."

तिने हात पुढे केला, तळवा उघडा.

"द्या अंकल."

"माझी आई मेली, पोरी."

"म्हाईत हाय. मला तिच्या मयताला पन येऊ दिलं न्हाय तुमी. दगड द्या."

तिचा हात तसाच होता. गॅब्रियल तिच्याकडे पाहत राहिला. मागची माणसं ढकलत होती आणि त्याच्या पाठीला लागून थांबत होती. शेवटी त्याने दगड तिच्या हातात ठेवला.

"दुसऱ्या हातातला पन," सेलीन म्हणाली.

त्याने तोही दिला. तिने दोन्ही दगड खाली पायाशी ठेवले, शेजारच्या माणसापुढे जाऊन उभी राहिली, आणि हात पुढे केला.